पेण-रोह्याचा ओलीवरचा वाल व त्यावरील किडींची शरदातील पाहणी

ज्या मुलुखात मृगापासून हस्तापर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्या मुलुखास कोरडा म्हणणे ऐकणारास विपरीत वाटेल. परंतु पेण व रोहा तालुक्यांतील ज्या शेतकऱ्याच्या शेतास पाटाचे पाणी नाही, त्याने आश्विनाच्या अखेरीस आकाशाकडे पाहावे आणि पुढील मृगापर्यंतच्या महिन्यांचा हिशेब करावा. एखादी अवकाळी सर सोडली तर सात महिने थेंब नाही. ओढे मार्गशीर्षात आटतात, वरकस जमीन पौषात भेगाळते आणि डोंगरउतारावरील गवत माघात वाळून कोळ होते. या सात महिन्यांपुरता आपला प्रांत मरुदेशच होय. आणि त्या मुदतीत जो भाजीपाला किंवा कडधान्य पिकवावयाचे, ते मरुदेशाच्या रीतीनेच पिकविले पाहिजे.

ही केवळ उपमा नव्हे. राजपुतान्यात जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेथे पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास एक पद्धत बसविली, तिला खडीन म्हणतात. उताराच्या खालच्या अंगास मातीचा लांब बांध घालावयाचा, आसपासच्या खडकाळ माळावरचे पावसाचे पाणी त्यात अडवावयाचे, ते जमिनीत जिरू द्यावयाचे आणि पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरावयाचा. नंतर पाणी द्यावयाचे नाही, कारण द्यावयास ते नसतेच. आता आपले भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. चारी बाजूंस बांध, चार महिने पाणी तुंबलेले, कापणीनंतर खाली राहिलेली ओल आणि त्या ओलीवर टोकलेला वाल. खडिनीत व खाचरात फरक इतकाच की, जैसलमेरचा शेतकरी दोनशे मिलिमीटरांत जे साधतो ते साधावयास आपणास तीन हजार लागतात, आणि इतके असूनही आपल्यातील पुष्कळांची खाचरे भातानंतर पडीक राहतात. हे आम्ही दप्तरातील नोंदी पाहून सांगत आहो. पिकांच्या रकान्यात भातापुढे दुबार पीक म्हणून वाल लिहिण्याचे प्रसंग जितके यावयास हवेत तितके आमच्या नोकरीच्या काळात आले नाहीत.

वाल दवावर येतो असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. दवाचा उपयोग नाही असे नाही. दवाने पान रात्रभर गार राहते व सकाळी पाण्याची वाफ कमी उडते. परंतु पीक तरते ते जमिनीच्या पोटातील ओलीवर. वालाचे सोटमूळ त्या ओलीच्या मागोमाग खाली जाते. गवार, चवळी, मटकी यांचा स्वभाव थोड्याफार फरकाने असाच आहे. चवळी व वाल यांची मूळ भूमी आफ्रिका, आणि ज्या कलिंगडाने आपल्याकडील नदीकाठ माघ-फाल्गुनात हिरवे होतात त्याचा अगदी जवळचा रानटी पूर्वज सूदान देशातील कोर्दोफान या कोरड्या प्रांतात सापडतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. ही सारी मंडळी कोरड्या देशांतून आली व आपल्या ओल्या देशाच्या कोरड्या ऋतूत रुजली. त्यांपैकी वाल हा पेण-रोह्याच्या शेतकऱ्याचा खरा जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे या लेखात मुख्यत्वेकरून त्याचाच विचार केला आहे.

वालाच्या लागवडीसंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती प्रत्येक घरी ठाऊक आहे. एवढेच म्हणतो की, भाताची कापणी झाल्यावर वालाच्या पेरणीस जो दिवस उशीर होतो तो ओलीतून वजा होतो. भारे खाचरातून हलताच, कापणीच्या खुंटांतच टोकण करावी किंवा पहाटेच्या गारव्यात एक हलकी नांगरट करून लगोलग पेरावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘कोकण वाल’ हे वाण दाण्यासाठी व ‘कोकण भूषण’ हा हिरव्या शेंगांच्या भाजीसाठी परिचित आहे. रोहा तालुक्यात किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे बियाण्याची चौकशी करता येते. आपले गावठी बी वापरण्यासही हरकत नाही, मात्र ते निवडून घ्यावे. दाण्यास एखादेही वाटोळे भोक दिसले की तो दाणा बाजूस काढावा. तो भुंगेऱ्याचे घर आहे. कापणीनंतर गावची गुरे मोकाट सोडण्याची आपली जुनी रीत वालाच्या पिकास कोणत्याही किडीपेक्षा अधिक भारी पडते, परंतु ती चार पायांची कीड आहे व तिचा बंदोबस्त गावकीत बसून करावयाचा आहे, म्हणून तिला येथे सोडून देतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाटाच्या पाण्यावरील भाजीत व ओलीवरील वालात एक भेद असा आहे की, तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांचे नुकसान होते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते व रोह्याकडील ज्या शेतांस त्याचा लाभ मिळतो, तेथील शेतकऱ्याची भेंडी किंवा वांगी किडीने एकदा झोडपली तरी तो एक पाणी देतो, चार खुरपी माती हलवितो आणि झाडास नवा फुलोरा येतो. पहिला बहर गेला तर दुसरा हाती लागतो. ओलीवरील वालास ही सवड नाही. पौषात त्याला जो बहर येतो तेव्हाच जमिनीची ओल उतरणीस लागलेली असते. पहिली फुले अळीने खाल्ली तर मागाहून येणारी फुले पाण्यावाचून गळून पडतात. म्हणजे या पिकास फुलांचा एकच डाव आहे आणि तो सुमारे पंधरा-वीस दिवसांत खेळला जातो. एवढ्या थोड्या मुदतीत कीड दिसल्यावर दुकान गाठणे, औषध आणणे, पंप मागून आणणे आणि माणूस मिळविणे यांत आठवडा गेला तर उरले काय? म्हणून वालाच्या किडीची पाहणी फुलावर सुरू करून उपयोग नाही. ती शरदात, पीक शेतात उभे राहण्याच्याही आधी, सुरू झाली पाहिजे.

पेरणीपूर्वी पाहावयाचे काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या परसातील पावट्याचा वेल पाहावा. मांडवावर किंवा कुंपणावर चढविलेला हा वेल पावसाळ्यात लावलेला असतो व दिवस लहान होऊ लागले की कार्तिकाच्या सुमारास फुलावर येतो. शेतातील वाल तेव्हा नुकता दोन पानांवर असतो. दोघांचे कूळ एक असल्यामुळे जी कीड महिना-दीड महिन्याने शेतात यावयाची ती आधी या वेलावर उतरते. परसातील वेल हा शेताचा हेर आहे असे समजावे. त्याच्या शेंड्यांवर काळा मावा किती, फुलांच्या तुऱ्यात जाळी आहे का, शेंगेस भोक आहे का, हे घरातील कोणीही भाजी तोडताना पाहू शकते. किंबहुना स्त्रियांच्या नजरेस ते आधी येते आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जात नाही, ही गोष्ट वेगळी. तसेच भाताच्या बांधावर जी तूर असते ती कार्तिक-मार्गशीर्षात फुलावर येते. घाटेअळीचा पतंग पहिला मुक्काम तिच्यावर करतो. भात कापताना बांधावरच्या तुरीकडे पाठ करून कापू नये.

शेतातील पीक वीतभर झाल्यावर दर आठवड्यास एक वार ठरवून मोजणी करावी. आमची नोकरी महसुलाच्या दप्तरात गेल्यामुळे येथे आणेवारीचा दृष्टांत देण्याचा मोह आवरत नाही. गावाची आणेवारी सडकेवरून पीक पाहून ठरत नाही. निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखावा लागतो, त्यातील पीक कापावे लागते, झोडून तोलावे लागते, तेव्हा आकडा निघतो. सडकेवरून पाहणारा सगळे हिरवे पाहून सोळा आणे म्हणेल किंवा एक वाळलेला कोपरा पाहून चार आणे म्हणेल. किडीचेही तसेच आहे. बांधावर उभे राहून ‘कीड फार आहे’ किंवा ‘कीड नाही’ असे म्हणणे ही सडकेवरची आणेवारी झाली. शेताच्या कडेचे तीन-चार हात सोडून पाच ठिकाणे निवडावीत, चार कोपऱ्यांकडे चार व मध्ये एक. प्रत्येक ठिकाणी लागोपाठची चार रोपे पाहावीत. चांगले रोप, वाईट रोप अशी निवड करू नये, हात जाईल ते घ्यावे. अशी वीस रोपे होतात. एका जुन्या वहीत तारीख घालून चार रकाने आखावेत: मावा किती रोपांवर, जाळीने गुंतलेले तुरे किती, अळ्या किती, आणि मित्रकिडे किती. या कामास अर्धा तास लागतो. सकाळी ऊन तापण्यापूर्वी ते उरकावे, कारण ऊन चढल्यावर अळ्या आत शिरतात. रोपाखाली धोतराचा पांढरा तुकडा अंथरून रोप हलके झटकले म्हणजे पानाआड दडलेली अळी खाली पडते. डोळे अधू झालेल्यांस ही युक्ती विशेष सोयीची आहे.

प्रत्येक किडीची खूण वेगळी असते. मावा हा पहिला येतो. कोवळ्या शेंड्यांवर व फुलांच्या देठांवर काळ्या मोहरीसारखा थर बसतो, रोपावर मुंग्यांची ये-जा वाढते आणि खालची पाने चिकट होऊन पुढे काजळी धरल्यासारखी काळवंडतात. मुंग्या मावा खात नाहीत, त्याच्या अंगातून झरणारा गोड रस चाटण्यास येतात व उलट त्याची राखण करतात. दोन-तीन दिवस मळभ राहिले तर मावा पाहता पाहता वाढतो. पण मावा दिसताच औषध मारण्याची घाई करू नये. वहीच्या चौथ्या रकान्याकडे पाहावे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला वाटोळा भुंगा व त्याची काळसर, लांबट, ओबडधोबड पिल्ले ही माव्याची काळ आहेत. ती पिल्ले दिसावयास भयंकर असल्यामुळे तीच कीड समजून चिरडणारे शेतकरी आम्ही स्वतः पाहिले आहेत. वीस रोपांत जर हे भुंगे व त्यांची पिल्ले बऱ्यापैकी दिसत असतील, तर आणखी चार दिवस थांबून पुन्हा मोजावे. माव्याने भरलेले मोजके शेंडे असतील तर ते खुडून घमेल्यात घालून शेताबाहेर नेले तरी काम भागते.

दुसरी ठिपक्यांची अळी. ही सर्वांत लबाड आहे. तिचा पतंग तपकिरी पंखांवर पांढऱ्या आरपार दिसणाऱ्या डागांचा असतो. अळी फिकट रंगाची, अंगावर काळसर ठिपक्यांच्या जोड्या. ती फुले, कळ्या व कोवळ्या शेंगा रेशमी धाग्याने एकत्र शिवते आणि आत बसून खाते. बाहेरून तुरा किंचित आवळलेला व मळका दिसतो, एवढेच. औषधाचा फवारा त्या जाळीत शिरत नाही आणि म्हणून फवारणी करूनही ‘औषध लागू पडले नाही’ अशी ओरड होते. ते औषध अळीपर्यंत पोहोचलेच नव्हते. हिच्यावर उपाय एकच की, तुरे उघडून पाहणे. पाहणीच्या वीस रोपांवरील एकेक तुरा बोटांनी उकलून पाहावा. गुंतलेले तुरे दिसू लागण्याच्या पहिल्या आठवड्यात ते हाताने तोडून नष्ट केले, तर बहराचा पुढला भाग वाचतो. ही मजुरी मोठ्या शेतास जड जाते हे आम्हास मान्य आहे, परंतु पेण-रोह्यात वालाची शेते मोठी कोणाची आहेत?

तिसरी घाटेअळी. हरभऱ्याच्या घाट्यावरून तिला हे नाव पडले असले तरी तूर, वाल, टोमॅटो, कापूस काहीही तिला वर्ज्य नाही. अर्धे अंग शेंगेत व अर्धे बाहेर अशी ती दिसते. रंग कधी हिरवा, कधी तपकिरी, बाजूस फिकट पट्टे. शेंगेस वाटोळे भोक व भोकाशी ओली विष्ठा ही तिची सही. एक मादी शेकडो अंडी एकेक सुटी घालते. ती तीन-चार दिवसांत फुटतात. अळी दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीत शिरून कोष करते. लहानपणी ती पाने व फुले कुरतडते आणि मोठी झाली म्हणजे शेंगेत डोके घालते. औषधास ती लहानपणीच दाद देते, मोठेपणी नाही. याखेरीज चिरलेल्या पंखांचा पिसारी पतंग व त्याची बारीक काटेरी अळी, आणि खोडावर थवा करून बसणारे, हात लावताच दुर्गंधी सोडणारे वाटोळे ढेकणे, यांचाही उपद्रव होतो. त्यांची वहीत नोंद करावी, पण त्यांच्यासाठी झोप घालवू नये.

घाटेअळीचा पतंग रात्री उडतो, तेव्हा त्याची मोजणी डोळ्यांनी होत नाही. तेथे कामगंध सापळा उपयोगी पडतो. मादी पतंग नरास बोलाविण्यासाठी हवेत एक गंध सोडते. हा गंध प्रथम रेशमाच्या पतंगापासून शुद्ध रूपात वेगळा काढला तो बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १९५९ साली. त्यासाठी त्याने सुमारे पाच लाख माद्या वापरल्या. आज तोच प्रकार रबराच्या बोंडात भरून थोड्या पैशांत मिळतो. हेक्टरी पाच सापळे पाहणीस पुरतात, म्हणजे आपल्या एकरास दोन. पिकाच्या शेंड्यापासून हात-दीड हात उंच काठीस बांधावेत, रोज सकाळी पतंग मोजून काढून टाकावेत, आणि बोंड पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलावे. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ-दहा पतंग येऊ लागले म्हणजे आठवड्याच्या आत अंडी व बारीक अळ्या शेतात येणार अशी वर्दी समजावी. ही वर्दी हेच सापळ्याचे खरे मोल. सापळ्याने कीड संपते असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. त्यात नर अडकतात आणि अंडी मादी घालते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. एका जातीचा गंध दुसऱ्या जातीस चालत नाही. घाटेअळीच्या सापळ्यात ठिपक्यांच्या अळीचा पतंग येणार नाही, म्हणून सापळा रिकामा आहे तेवढ्यावरून तुरे उकलणे बंद करू नये. दापोलीच्या विद्यापीठाने आंब्याच्या फळमाशीसाठी काढलेला ‘रक्षक’ सापळा आपल्याकडे पुष्कळ बागांत टांगलेला दिसतो. तोच कोणी काकडी-कलिंगडाच्या मळ्यात नेऊन टांगतात आणि माशी येत नाही म्हणून सापळ्यास बोल लावतात. आंब्याची माशी मिथिल युजेनॉलच्या गंधास भुलते, वेलवर्गीय फळांची माशी क्यू ल्यूर नावाच्या निराळ्या गंधास. मागताना पिकाचे नाव सांगून मागावे.

मोजणीवरून उपाय ठरवावा, पंचांगावरून नव्हे. फुले दिसली की एक फवारणी, मग दर आठ दिवसांस एक, असा परिपाठ दुकानदाराच्या सोयीचा आहे. याचा अनुभव देशाने घेतला आहे. १९८७ साली आंध्रात कापसावर याच घाटेअळीने कहर केला, तेव्हा पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांस ती दाद देईनाशी झाल्याचे आढळले. वरचेवर एकच औषध मारल्याने जी अळी मरावयाची ती मेली व जी मरत नव्हती तिचा वंश वाढला. शिवाय त्याच फवाऱ्याने मित्रकिडे मेले ते निराळेच. हरभऱ्यात एक मीटर ओळीस एक-दोन लहान अळ्या दिसल्या म्हणजे उपाय करावा असा प्रघात आहे. वालासही तोच अंदाज धरून, वीस रोपांत दहाच्या पुढे लहान अळ्या मिळाल्या तर स्वस्थ बसू नये, असे आमचे मत आहे. आणि बहराच्या ऐन पंधरवड्यात याहूनही कमीवर हालचाल करावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे दुसरा बहर नाही.

पहिला उपाय निंबोळीचा. पाच किलो निंबोळ्यांचे दाणे कुटून रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी फडक्यातून गाळून एकंदर शंभर लिटर पाणी करावे. आमच्या बाजूस कडुनिंब देशावरल्याइतका नाही, म्हणून निंबोळ्या उन्हाळ्यातच घाटावरून मागवून वाळवून ठेवाव्यात. ऐन वेळी मिळत नाहीत. दुसरा उपाय घाटेअळीस रोग लावणाऱ्या विषाणूचा, ज्यास एचएनपीव्ही म्हणतात. तो फक्त लहान अळ्यांवर चालतो, माणसास व गुरांस अपाय करीत नाही, परंतु उन्हाने नासतो. सबब तो सायंकाळी फवारावा, आणि त्यात थोडी नीळ मिसळण्याची जी रीत आहे ती उन्हापासून त्याचे रक्षण होण्यासाठीच. शेतात ठिकठिकाणी आडव्या काठीचे थांबे रोवावेत. कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून मजुरी न मागता काम करतात. शेंगा भरून निबर होऊ लागल्या म्हणजे थांबे काढावेत.

रासायनिक औषधास आमचा सरसकट विरोध नाही, पण वालाच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की, ती इतर कडधान्यांस लागू नाही. वाल हिरवा असतानाच खाल्ला जातो. पौष-माघात पेण-रोह्यात असे गाव नाही की जेथे रात्री पोपटी लागत नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर सालीसकट शेंगा, मीठ, ओवा, मग पुन्हा पाला, आणि मडके उपडे घालून भोवती जाळ. शेंगा धुण्याची चाल फारशी नाही आणि मडक्यात पाणी घालावयाचे नसते. ज्या शेतात सोमवारी फवारले त्याच शेतातील शेंगा शुक्रवारी पोपटीत जातात, आणि मडक्याभोवती बसलेली निम्मी मंडळी घरची मुले असतात. मोनोक्रोटोफॉससारखे जहाल औषध भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच मनाई झाली, परंतु मनाईचा कागद शेतापर्यंत पोहोचावयास किती वर्षे लागतात हे आम्ही दप्तरात बसून पाहिले आहे. औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावेत हे प्रत्येक डब्यावरील कागदात छापलेले असते. तो कागद डब्याबरोबर फेकू नये. ती तारीख वहीत लिहावी व फवारलेल्या शेताच्या तोंडाशी फांदी रोवून घरच्या व शेजारच्या सर्वांस सांगून ठेवावे. सडकेवर, वडखळच्या नाक्याकडे, ज्या जुड्या विकावयास जातात त्यांसही हाच नियम. खाणारा अनोळखी असला म्हणून त्याचे पोट निराळे नसते.

मोठ्या पिकांच्या किडींवर नजर ठेवण्याची सरकारी व्यवस्था महाराष्ट्रात आहे. सोयाबीन व कापूस यांपासून २००९ साली क्रॉपसॅप या नावाने तिचा आरंभ झाला व पुढे भात, तूर, हरभराही तीत आले. वालासारख्या गावठी पिकाची पाहणी मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणीत करावयाची झाली आहे. त्या निमित्ताने शेतात जावेच लागते, तर वीस रोपे पाहून यावीत. पेरलेला वाल त्या नोंदीत अवश्य चढवावा, नाहीतर नुकसान झाल्यावर कागदावर शेत पडीक निघते आणि मग कोणाचे काही चालत नाही.

एकट्याने केलेली पाहणी मात्र अर्धीच होय. पतंगास सातबारा नसतो. त्याने एकाच्या तुरीवर वाढावे, दुसऱ्याच्या वालावर अंडी घालावीत आणि तिसऱ्यास फवारणीस लावावे, असा त्याचा व्यवहार असतो. म्हणून आमची सूचना अशी की, सभासदांनी वाडीवार चार-पाच जणांची जोड करावी, सापळे सामाईक खरेदी करावेत, आणि दर आठवड्याचे आकडे सोसायटीच्या कचेरीतील फळ्यावर खडूने लिहावेत: वाडीचे नाव, सापळ्यातील पतंग, गुंतलेले तुरे, वीस रोपांतील अळ्या. खारेपाटातील शेत व डोंगराकडील शेत यांत कीड एकाच आठवड्यात येत नाही. ज्याच्याकडे ती आधी येते त्याच्या फळ्यावरील आकड्याने दुसऱ्यास चार दिवस मिळतात, आणि निंबोळ्या भिजत घालण्यास एक रात्र पुरते.

शेवटली नोंद खळ्यावरची. भुंगेरा कोठारात जन्मत नाही. त्याची अंडी पुष्कळदा शेतातच, वाळू लागलेल्या शेंगांवर घातली जातात व दाण्याबरोबर घरी येतात. मळणीनंतर वाल कडक उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरावा. बियाण्याचा वाल त्यातून आधी वेगळा काढून, गार झाल्यावर चाळलेली राख मिसळून कणगीत किंवा मडक्यात भरावा व तोंड शेणमातीने लिंपावे. खाण्याचा वाल पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि मृग लागण्यापूर्वी एकदा उघडून, हात खोल घालून पाहावा. दाण्यांत ऊब लागली किंवा बोटांस पीठ लागले, तर त्याच दिवशी पुन्हा उन्हात काढावा.